थकलेला निळा

सॅं-फेरेओल
६ ऑक्टोबर १९९६

प्रिय नोल्वेन,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. एकतीस वर्षं लोकांची पत्रं घरोघर टाकली, पण स्वतः लिहायला बसलो की पोस्टमनचाही हात अडतो. फोन का केला नाही म्हणून विचारू नकोस. या घरातल्या फोनने आजवर दोनच मोठ्या बातम्या दिल्या, एक माझ्या पोलेतच्या दुखण्याची आणि एक आपल्या रेमीच्या अपघाताची. तेव्हापासून त्याच्यावर मी टेबल पुसायचं फडकं टाकून ठेवलंय.

कामाचं बोलतो. बुधवारी मोरीची नळी गळायला लागली म्हणून पोलेतचं फॉर्मायकाचं कपाट भिंतीपासून ओढलं. मागे वहीचा एक कागद सापडला, वर जाड अक्षरात 'नोल्वेनचं स्वयंपाकघर'. अक्षर रेमीचं. खाली नकाशा काढलाय. खिडकीखाली टेबल, चुलीशेजारी माझ्या आईचं जुनं फडताळ, भिंतींना चुना, लाल फरशीला हात लावायचा नाही. आणि फडताळाकडे बाण काढून दोन शब्द लिहिलेत: थकलेला निळा.

तुमच्या त्या मासिकातल्या 'खेड्यातल्या स्वयंपाकघराला' मी काय काय नावं ठेवली होती ते मला आठवतं. सहासष्ट साली पोलेतने आणि मी ते फडताळ मोठ्या ऐटीत कोठारात ढकललं आणि फॉर्मायका आणलं. गावातल्या बायका बघायला आल्या होत्या. आणि तुम्ही शिकलीसवरलेली पोरं म्हणायचात, फडताळ परत आणा! पोलेत गेल्यावर तर मी हट्टच धरला, तिच्या कपाटाला हात लावू दिला नाही.

आता लावतो. कागदावर आहे तसं सगळं करायचं ठरवलंय. वय अडुसष्ट, एक गुडघा कामाचा, दुसरा शोभेचा, पण भिंती चारच आहेत. तू फक्त एक सांग. निळा थकतो कसा? दुकानात विचारलं तर पोरगं माझ्याकडे असं बघायला लागलं की मीच थकलो.

तुझी खोली तशीच आहे. तुझं नाव रंगवलेला तो दोन कानांचा वाडगाही आहे. फडताळ जागेवर आलं की पहिला तोच ठेवीन. वसंतात ये आणि त्यात कॉफी पी.

आणि या वेळी तरी मला 'तू' म्हण. नऊ वर्षं झाली, नावाने हाक मारतेस आणि पुढे 'तुम्ही' लावतेस. मी काय तुझा मुख्याध्यापक आहे?

तुझा,
लेओंस


दुआर्नने
२० ऑक्टोबर १९९६

प्रिय लेओंस,

पत्र शाळेत नेलं आणि मधल्या सुट्टीत वाचलं. तसं करायला नको होतं. पुढच्या तासाला मुलांनी विचारलं, बाई, तुम्हाला सर्दी झालीय का? मी हो म्हणाले.

तो कागद मला माहीत नव्हता. मासिकातली चित्रं आम्ही दोघांनी कापली होती, पण त्याने नकाशा काढला होता हे तो मला कधी बोलला नाही.

थकलेला निळा म्हणजे तुमच्या कोठाराच्या दाराचा. आम्ही रविवारी तिकडून चालत आलो की रेमी त्या दाराला म्हणायचा, बिचारा थकलाय. एकदा म्हणाला, नवा निळा ओरडतो, हा हळू बोलतो. निळ्या पुडीत चिमूटभर काजळी घाला, मग चिमूटभर रामरज, ती पिवळी माती, आणि शेवटी चुन्याची निवळी. ओला असताना गडद वाटेल, घाबरू नका. वाळल्यावर कसा होतो ते बघा.

पण लेओंस, इतका त्रास घेऊ नका. गुडघ्याला जपा. शिडीवर चढणार असाल तर शेजारच्या फिलोमेनला खाली उभी करा, ती भांडेल पण शिडी सोडणार नाही. वसंताचं आत्ताच काही सांगता येत नाही. इथे शाळा आहे, आईची तब्येत आहे.

एक विचारायचं राहून गेलंय, अडीच वर्षं राहिलंय. त्या सकाळी रेमी गाडी घेऊन मोंतेलिमारला का निघाला होता? तुम्हाला काही बोलला होता का?

तुमची,
नोल्वेन

(मुख्याध्यापकांना मी याहून पुष्कळ कमी मान देते.)


सॅं-फेरेओल
२४ नोव्हेंबर १९९६

प्रिय नोल्वेन,

थंडी पडायच्या आत भिंती उरकल्या. चुन्याचे तीन हात दिले. पहिल्या दिवशी ओल्या भिंती राखाडी दिसायला लागल्या तेव्हा फिलोमेन दारातच थबकली. म्हणाली, "लेओंस, हे स्वयंपाकघर की शेळ्यांचा गोठा?" दुसऱ्या दिवशी वाळून पांढऱ्या झाल्या तेव्हा म्हणाली, "गोठाच, पण श्रीमंत शेळ्यांचा." शेजारीण कशी असू नये ते शिकायला तिच्याकडे यावं.

फॉर्मायका निघालं. एक गोष्ट सांगतो. पंचवीस-तीस वर्षं आम्ही सगळ्यांनी त्याला हात लावले, पोलेत दर शनिवारी ते पुसायची, आणि बाहेर काढून उजेडात बघितलं तर त्याच्यावर कोणाचीच खूण नाही. नव्यासारखं. तेव्हा याच गुणासाठी घेतलं होतं.

फडताळ कोठारातून आणलं. सशांचा दाणा ठेवायचो त्यात. फिलोमेनच्या जावयाने आणि मी मिळून उचललं, म्हणजे त्याने उचललं आणि मी सूचना दिल्या. एक पाय किड्याने खाल्लाय, तो बदलला. बाकी अक्रोडाचं लाकूड ठणठणीत आहे.

निळ्याचा पहिला प्रयत्न फसला. तेलाच्या रंगाचा तयार डबा आणला, त्यात काजळी घातली, लावला, तर हुबेहूब आपल्या इथल्या निळ्या गॅस सिलिंडरसारखा. थकला तर नाहीच, उलट धावत सुटला. आणि वास असा की दोन दिवस जेवणही रंगाचंच लागत होतं. सगळा खरवडून काढतोय.

तू विचारलंस ते वाचलं. आज रंगाचंच लिहितो.

नाताळला येतेस का? कोंबडा मी करीन, चेस्टनट घालून. पोलेतसारखा होणार नाही, पण खाऊन कोणी मेलेलं नाही.

तुझा,
लेओंस


दुआर्नने
१२ डिसेंबर १९९६

प्रिय लेओंस,

नाताळला जमणार नाही. रागावू नका. प्रवास फार लांबचा आहे, दोन गाड्या बदलायच्या, आणि सध्या मला तो झेपणार नाही. तुमच्यासाठी खाऱ्या लोण्याची बिस्किटं पाठवलीत. फिलोमेनला अर्धी द्या, नाहीतर तुम्ही रविवारपर्यंत संपवाल.

तेलाचा रंग खरवडताय ते बरं करताय. मला तर आजकाल रंगाचा वास अजिबात सहन होत नाही. गेल्या आठवड्यात शाळेचा व्हरांडा रंगवला, तर मला वर्ग सोडून अंगणात जाऊन बसावं लागलं.

फडताळाबद्दल एक सांगते, कारण रेमीलाही ते करून बघायचं होतं. इथल्या एका जुन्या सुताराने मला शिकवलं. आधी खालचा रंग द्यायचा, राखट पांढरा. तो वाळला की जिथे जिथे माणसाचे हात लागतात तिथे मेणबत्ती घासायची. मग वरून निळ्याचे दोन हात. मेणावर रंग धरत नाही. वाळल्यावर तारेच्या काथ्याने हलकं घासलं की तेवढाच निळा सुटतो आणि खालचं दिसतं, वर्षानुवर्षं वापरल्यासारखं. पण मासिकं बघून लोक सगळ्या कडा सारख्या घासून ठेवतात. खरं फडताळ असं झिजत नाही. जिथे हात जातो तिथेच ते झिजतं. म्हणून मेणबत्ती हातात घेण्याआधी थोडा वेळ नुसते समोर उभे राहा, आणि दार उघडून बघा.

स्वतःला जपा.

तुमची,
नोल्वेन


सॅं-फेरेओल
५ जानेवारी १९९७

प्रिय नोल्वेन,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. बिस्किटं शुक्रवारीच संपली.

तू रंगाच्या वासाचं लिहिलंस आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी किती मूर्ख! रेमीला ज्या दवाखान्यात नेलं होतं तिथली भिंत त्या दिवशी ताजी रंगवलेली होती. बाकाला 'ओला रंग' अशी पाटी होती आणि आपण दोघं चार तास उभेच होतो. तीन वर्षं होत आली तरी तुला तो वास सोडत नाही. पोरी, मला समजतं. तू अजून तिथेच उभी आहेस. मीही.

तेव्हा ठरवलं की या घरात वासाचा रंग येणार नाही. माझा आजा खिडक्यांना दह्याचा रंग द्यायचा, तो आठवून केला. फिलोमेनकडून ताजं शेळीचं दही आणलं, रात्रभर टांगून पाणी काढलं, त्यात भिजवलेला चुना घालून घोटलं. घोटता घोटता त्याची खळ होते. मग पाणी, मग तुझी निळी पूड, चिमूटभर काजळी, चिमूटभर रामरज. फिलोमेन बघून किंचाळली, "देवाने खायला दिलं आणि हा लाकडाला चोपडतोय!" पण दही दिलं तिने, तीन वेळा. वास कसला म्हणशील तर दुधाच्या भांड्याचा, तोही दोन दिवसात गेला. तू पहिल्या दिवसापासून इथे बसू शकशील.

आता मेणबत्ती. तू म्हणालीस तसा समोर उभा राहिलो. हे फडताळ तीस वर्षांत आपल्यापैकी कोणी वापरलंच नाही, तेव्हा हात लागणार कुठून? मग लक्षात आलं, फॉर्मायकाच्या कपाटावर कोणाचा हात कुठे लागायचा ते मला तोंडपाठ आहे. लाकूड बदललं तरी माणसं तीच.

पोलेत खण कमरेने ढकलून बंद करायची, दोन्ही हातात भांडी असायची ना. तिथे एक पट्टा घासला. रेमी डावखुरा. दार उजवीकडे उघडतं हे ठाऊक असूनही डाव्या हाताने आधी चुकीचीच कड पकडायचा आणि मग स्वतःला शिवी द्यायचा. ती चुकीची कड घासली. माझा अंगठा मुठीच्या वर. तू? तुझ्या उजव्या हातात कॉफीचा वाडगा असायचा आणि दार तू डाव्या करंगळीने खालच्या कोपऱ्यातून ओढायचीस, मांजर दार उघडतं तशी. तो कोपरा मी सगळ्यात जास्त वेळ घासला. अर्धी मेणबत्ती गेली.

आता वर निळ्याचा पहिला हात दिलाय. ईस्टर तीस मार्चला आहे. तोवर सगळं तयार.

तुझा,
लेओंस


सॅं-फेरेओल
२३ फेब्रुवारी १९९७

प्रिय नोल्वेन,

सात आठवडे झाले, पत्र नाही. आमच्या खात्यातल्या पोरांना मी दोष दिला असता, पण नवा पोस्टमन चांगला आहे, मीच शिकवलाय.

काल रेमीला जाऊन तीन वर्षं झाली. मी एकटाच गेलो होतो. घाटात अजून बर्फ होता. फुलं तुझ्याही नावाची ठेवली.

निळ्याचा दुसरा हात वाळला. थकलाय, नोल्वेन! सकाळी खिडकीतून ऊन आलं की कोठाराच्या दारासारखाच हळू बोलतो. पोलेतची, रेमीची आणि माझी जागा काथ्याने घासून झाली. तुझा कोपरा ईस्टरच्या आठवड्यात घासणार, म्हणजे तू येशील तेव्हा ताजा असेल. पडदे धुतले. टेबल खिडकीखाली सरकवलं. फिलोमेनने तुझ्यासाठी एक करडू वेगळं ठेवलंय आणि त्याला नावही देऊन बसलीय, तेव्हा आता ते कापता येईल की नाही देव जाणे.

मी जरा लोकांना सांगून टाकलं की तू परत येतेयस. शाळेतल्या बाईंनाही. त्या म्हणाल्या, जूनपासून एक जागा रिकामी होतेय. मी फक्त कानावर घालतोय.

कुठल्या गाडीने येतेस ते कळव.

तुझा,
लेओंस


दुआर्नने
९ मार्च १९९७

लेओंस,

आज 'तू' म्हणते. 'तुम्ही'च्या आडून हे लिहिता येणार नाही.

मी ईस्टरला येणार नाही. जूनमध्येही येणार नाही. मी इथे राहणार आहे. एप्रिलच्या बाराव्या तारखेला मी लग्न करतेय. त्याचं नाव इव्हों, बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, शांत माणूस आहे. आणि जूनमध्ये मला मूल होणार आहे. रंगाचा वास म्हणून सहन होत नव्हता. दवाखान्यामुळे नाही.

तुझं जानेवारीचं पत्र मी टेबलावर ठेवलं आणि दोन महिने त्याच्याकडे बघितलं. तू माझ्यासाठी वास नसलेला रंग घोटत होतास, फिलोमेनची बोलणी खात होतास, आणि मला वाटत होतं की कोणीतरी माझ्या हातून चोरी करवतंय. तीनदा पत्र लिहिलं, तीनदा फाडलं. ऑक्टोबरमध्येच सांगायला हवं होतं. पण तू इतक्या आनंदाने लिहिलं होतंस, आणि त्या घरातून कोणीतरी आनंदाने लिहितंय हे मला बंद करवेना. मी तुझ्या स्वयंपाकघराला रंग सुचवत राहिले आणि तू ते माझं येणं समजत राहिलास. समजू दिलं ते मी. चूक माझी आहे.

रेमी माझा कमी झालेला नाही. मुलाला त्याचं नाव देणार नाही, इव्हों म्हणाला होता तरी नाही. त्याचं नाव त्याचंच राहू दे.

अजून एक आहे, ते कोणालाच सांगितलेलं नाही. त्या सकाळी आम्ही भांडलो होतो. त्याच स्वयंपाकघरावरून. मी म्हणाले, तुझ्या बापासमोर तुझं तोंड उघडत नाही, मी या घरात जन्मभर पाहुणीच राहणार. तो दार आपटून खाली गेला, आणि थोड्या वेळाने मी गाडीचा आवाज ऐकला. मी खिडकीशीसुद्धा गेले नाही. त्या घाटात तो रागाच्या भरात गाडी चालवत होता आणि तो राग मी दिलेला होता. लेओंस, त्या स्वयंपाकघरात मी कशी येऊन बसू? त्या स्वयंपाकघरापायीच तर मी त्याला घालवला.

मला माफ कर म्हणायलाही मला लाज वाटते.

तुझी,
नोल्वेन


सॅं-फेरेओल
१४ मार्च १९९७

श्रीमती,

आपलं ९ तारखेचं पत्र मिळालं. विवाहाबद्दल आपलं अभिनंदन.

आपल्या नावाचा एक वाडगा आमच्याकडे राहिला आहे. तो कोणत्या पत्त्यावर पाठवावा, हे कृपया कळवावे.

आपला,
लेओंस फाब्र
निवृत्त पोस्टमन


दुआर्नने
२ एप्रिल १९९७

लेओंस,

तुझं पत्र इव्होंने आणून दिलं. त्याला वाटलं कुठल्यातरी सरकारी कचेरीचं आहे.

तू मला 'आपण' म्हण. तुला तो हक्क आहे. मला नऊ वर्षं लागली 'तू' म्हणायला, आता मी तो परत घेणार नाही.

वाडगा पाठवू नकोस. तुला डोळ्यांसमोर नको असेल तर कोठारात ठेव, सशांचा दाणा घाल त्यात. फुटायचा असेल तर त्याच घरात फुटू दे. बाहेर काढू नकोस एवढंच मागते.

नोल्वेन


सॅं-फेरेओल
२५ मे १९९७

प्रिय नोल्वेन,

ते मार्चातलं पत्र मी लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि स्वतः चालत जाऊन पेटीत टाकलं, कारण मला माहीत होतं की उद्यापर्यंत थांबलो तर टाकवणार नाही. एकतीस वर्षांत इतकं घाणेरडं पत्र मी कोणाच्या दारात टाकलं नव्हतं.

नंतर तुझं पत्र फिलोमेनला वाचून दाखवलं. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. म्हणाली, "गाढवा, चौतीस वर्षांच्या पोरीला तू काय फडताळात मांडून ठेवणार होतास?" दोन आठवडे तिने मला दही दिलं नाही. मला ते लागतही नव्हतं, पण मुद्दाम दिलं नाही.

खरं म्हणजे मला रागावायला तोंडच नव्हतं. तू एक लपवलंस, मी त्याहून मोठं लपवलं. तू ऑक्टोबरात सरळ विचारलं होतंस आणि मी रंगाच्या गप्पा मारल्या.

नीट वाच. त्या सकाळी रेमी खाली आला, दार आपटूनच आला, ते खरं. मी कॉफी पीत होतो. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "पापा, शेवटचं विचारतो, ते फॉर्मायका काढू देतोस की नाही?" आणि त्या दिवशी, का कोण जाणे, मी म्हणालो, "जा, आण तुझा निळा." आधी त्याला खरंच वाटेना. मग त्याने मला टकलावर मुका दिला, लहानपणी द्यायचा तसा. म्हणाला, नोल्वेनला सांगू नकोस, डबेच नेऊन समोर ठेवतो. मी म्हणालो, घाटात बर्फ आहे, दुपारी जा. म्हणाला, दुपारपर्यंत तुझं मन बदलेल. शीळ घालत गेला, नोल्वेन. दाराबाहेरही ती शीळ ऐकू येत होती. तू वर होतीस, तुला फक्त गाडी ऐकू आली.

तो जाताना नाही, परत येताना गेला. गाडीत मागे निळ्याचे दोन डबे होते. पोलिसांनी ते मला आणून दिले आणि मी ते कोठारात पोत्यांखाली दडवले. तू दीड वर्ष या घरात राहिलीस, रोज माझ्यासमोर बसलीस आणि मी बोललो नाही. मला वाटायचं, मी 'हो' म्हणालो म्हणून तो गेला. तुला कळलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस. आणि तू वरच्या खोलीत बसून तिकडे स्वतःलाच फाडत होतीस, हे मला माहीत नव्हतं. एका घरात दोन माणसं एकाच सकाळपायी रडत होती आणि एकमेकांना मीठ द्या, पाव द्या एवढंच म्हणत होती.

तेव्हा तो राग घेऊन गेला नाही. हे माझ्या शपथेवर. तो राग त्याने जिन्याच्या खालच्या पायरीवरच टाकला होता.

आणि निळा कसा थकतो हे मला विचारायची काही गरज नव्हती. थकलेला निळा डब्यात भरून तीन वर्षं माझ्याच कोठारात होता. मला फक्त तुला पत्र लिहायला काहीतरी कारण हवं होतं. काल पहिल्यांदा डबा उघडला. वर जाड साय धरली होती, ती काढली. खाली रंग चांगला आहे. लाकडाच्या ढलपीवर लावून फडताळाशेजारी धरला. तू सांगितलेला, मी घोटलेला निळा त्याच्या अगदी जवळ आलाय, फक्त जरा जास्त थकलाय.

मी काही म्हातारा होऊन शहाणा झालेलो नाही. अजून चिडतो. बारा एप्रिलला मी दिवसभर लाकडं फोडली, लागतील त्याच्या दुप्पट. त्या इव्होंचा मला राग येतो आणि त्याने काही केलेलं नाही. तुझं मूल सुखरूप येवो असं मी मनापासून म्हणतो आणि लगेच उठून पुन्हा लाकडांकडे जातो, कारण ते या घरात आलं असतं तर मी काय काय केलं असतं, ते मला पाठ आहे. पण झालं की कळव. फोन कर. त्याच्यावरचं फडकं मी काढून ठेवलंय.

ये असं म्हणणार नाही. ते म्हणून झालं. येऊ नकोस असंही म्हणत नाही.

वाडगा फडताळात आहे, पहिला, सांगितलं होतं तसा. कॉफी कोणी पीत नाही त्यात, पण रविवारी धुतो.

एकच सांगायचं राहिलं. तुझं मार्चातलं पत्र आलं त्या सकाळी, ईस्टरपर्यंत धीर धरवेना म्हणून, मी काथ्या घेऊन तुझ्या कोपऱ्याशीच बसलो होतो. पत्र वाचलं आणि काथ्या खाली ठेवला. परत उचलला नाही. बाकीच्यांच्या जागा झिजलेल्या दिसतात, पोलेतची कंबर, रेमीची चुकीची कड, माझा अंगठा. तुझा कोपरा मात्र कोरा निळा आहे, जणू तिथे कोणी हात लावलाच नव्हता. फिलोमेन म्हणाली, एवढा एक कोपरा नवा दिसतो, घासून टाक. मी नाही म्हणालो. तिला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे, खाली मेण आहे. अर्धी मेणबत्ती. तिथे रंग धरलेलाच नाही, नुसता वर बसलाय. काथ्याचीही गरज नाही. एका हातात वाडगा धरून दुसऱ्या करंगळीने चार सकाळी कोणी ते दार ओढलं, की तो आपोआप सुटेल.

मी दार मुठीनेच उघडतो. त्या कोपऱ्याला हात लावत नाही.

तुझा,
लेओंस